धाकटीचा दहावा हिस्सा

४ फेब्रुवारी

सुखरूप पोचलो. ट्रंक माझ्याआधी पोचली होती, पण भलत्याच खोलीत. त्या खोलीतल्या बाईंनी माझा संस्कृत कोश उशाला घेऊन दुपारची झकास झोप काढली, आणि वर मलाच सुनावलं की माणसाने इतक्या शब्दांचं ओझं घेऊन प्रवास करू नये. बाई माशांच्या तज्ज्ञ आहेत. इथे त्यांना सगळे मत्स्यताई म्हणतात. वयाने माझ्याहून लहान आणि चालीने वादळ. त्यांच्यामागून जिना चढताना माझा श्वास निम्म्या वाटेवरच थांबला. मी वर पोचल्यावर बऱ्याच वेळाने तो पोचला.

घर छान आहे. टेकडीच्या उतारावर दगडी दुमजली इमारत. खाली कचेरी, वर आमच्या खोल्या. भिंतीतलं कपाट एवढं ऐसपैस की माझे शर्ट त्यात अनाथ दिसतात. खिडकीतून अंगण, अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक आणि तिथून खाली उतरत जाणारा रस्ता. फाटक सदा उघडं. कुणी बंद करत असेल असं वाटत नाही. बिजागऱ्या गंजून शहीद झाल्या आहेत.

कामाचं सांगायचं तर या मुलखात चार नद्या एकाच मोठ्या खोऱ्यात उतरतात. आजवर जिथे जमेल तिथे धरण बांधत गेले. एकाची आखणी करताना दुसऱ्याची आठवण कुणालाच नसे. आता शहाणपण सुचलं आहे. चारही नद्या एकत्र मांडायच्या, वीज किती हवी ते आधी ठरवायचं, आणि कमीत कमी नासाडीत ती कुठून निघेल ते पाहायचं. एक नदी पुरती अडवली तर दुसरी पुरती मोकळी सोडता येते. मग तिच्यातले मासे वर चढतात, गाळ खाली शेतांपर्यंत जातो. सगळ्यांचं थोडं थोडं वाटोळं करण्यापेक्षा हे बरं, आणि मला ते मनापासून पटलं. हा सगळा आराखडा माणसांना समजेल अशा भाषेत लिहिण्यासाठी मला बोलावलं आहे. हयातभर वार्ताहर म्हणून माणसांचं म्हणणं दोन रकान्यांत बसवलं, आता नद्यांचं बसवायचं.

ही रोजनिशी हिच्या आग्रहामुळे. ही म्हणजे माझी पत्नी, परवापरवापर्यंत रेडिओवर निवेदिका होती. तिचं म्हणणं, तिकडे तुमची बडबड ऐकायला मी नसणार, ती कुठेतरी सांडायला हवी.

७ फेब्रुवारी

कचेरीत भिंतभर नकाशा आहे. त्यावर नद्या लोकरीच्या धाग्यांनी दाखवल्या आहेत. धरण ठरलं की त्या धाग्यावर लाल गाठ. नद्यांना नावं घरगुती: थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ. चार बहिणी. मी म्हटलं, स्थळं बघायला बसल्यासारखं वाटतंय. साहेब हसले. साहेब म्हणजे आमचे मुख्य. मृदू, स्वच्छ इस्त्रीचे, समोरचा बोलताना मान किंचित कलती करून ऐकणारे. अशी माणसं मला आवडतात. बोलणाऱ्याला आणखी काय हवं!

त्यांची कामाची एक पद्धत आहे. प्रत्येक नदीला एक माणूस नेमायचा आणि त्याने सभेत त्या नदीच्या वतीने बोलायचं. पण ‘ती’ नाही म्हणायचं, ‘मी’ म्हणायचं. पूर्वी लोक ‘ती नदी’ म्हणत आणि आकडे सरकवून मोकळे होत, ‘मी’ म्हटलं की जीभ जरा अडखळते, विचार होतो, असं साहेबांचं म्हणणं. मत्स्यताई थोरलीकडून बोलतात. मला धाकटी मिळाली. पन्नाशी उलटल्यावर स्त्रीलिंगी क्रियापदं वापरायची वेळ आली. हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अहो बरं झालं, आता तरी कळेल बायकांचं कुणी ऐकत नाही ते. साहेबांना स्वतःची नदी नाही. त्यांच्याकडे फक्त बेरीज.

मधलीकडून बोलणारे तात्या व्हरांड्यात बसून असतात. मधलीवरचं धरण पहिल्याच टप्प्यात ठरलं. तात्या अंगाने फार जड आहेत, चेहरा सुजल्यासारखा गुळगुळीत, हात गार. माझ्या नमस्काराला त्यांनी फक्त पापण्या हलवल्या. सकाळी दोन-चार वाक्यं बोलले, तीही हवेची. गंमत म्हणजे संध्याकाळी खाली शहरात दिवे लागू लागले की हेच तात्या धो-धो बोलतात. पर्जन्यमान, उतार, गाळाचं प्रमाण, सगळं मुखोद्गत. साहेब शेजारी बसून टिपून घेतात. मग एकदम चूप. मी मत्स्यताईंना म्हटलं, ही काय मौनव्रताची नवी शाखा आहे? त्या नेहमी हसतात, पण या वेळी हसल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी

धाकटी बघून आलो. जीप जिथे थांबली तिथून पायी. काय सांगू! काळ्या कातळाच्या दोन भिंतींमधून ती अशी येते की जणू उशीर झाल्याबद्दल तिला कुणी रागावणार आहे. पाणी इतकं स्वच्छ की तळातला गोटा उचलायला हात घालावा आणि बाही खांद्यापर्यंत भिजावी. आसपास एक घर नाही. मी किती तरी वेळ तिथे बसलो, आणि गप्प बसलो, हे हिला खरं वाटणार नाही.

आज सभेत बोललो. शास्त्रीबुवांनी लहानपणी पाठ करून घेतलेल्या स्तोत्रांचा सगळा सराव उपयोगी पडला. म्हणालो, मी बारमाही आहे, मला आटणं ठाऊक नाही. माझा उतार तीव्र, माझी घळ अरुंद, माझा कातळ अभंग. माझ्यात गाळ नाही, माझ्या काठी वस्ती नाही, मी आहे तशी निर्मळ आहे, मला तशीच राहू द्या. बोलून खाली बसलो तेव्हा अंगावर काटा आला होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मत्स्यताई मात्र कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मला वाटलं, भारावल्या.

१६ फेब्रुवारी

गणित लागलं. धरणाला सगळ्यांत उत्तम जागा: धाकटी. कारणं माझ्याच भाषणातली, माझ्याच क्रमाने. बारमाही पाणी, तीव्र उतार, अरुंद घळ म्हणजे भिंत छोटी, अभंग कातळ म्हणजे पाया पक्का, गाळ नाही म्हणजे जलाशय भरून निकामी होणार नाही, वस्ती नाही म्हणजे कुणाला उठवायला नको. बकऱ्याने खाटकासमोर बसून आपल्या मांडीचं रसभरित वर्णन करावं तसं मी केलं आहे. थोरलीत मासे चढतात आणि तिचा गाळ साऱ्या खोऱ्याला पोसतो, म्हणून ती मोकळी. हिशोब चोख आहे. मीच लिहायला बसलो तर मलाही खोट काढता येणार नाही, आणि लिहायचं मलाच आहे.

साहेबांनी स्वतः लाल गाठ मारली. मारताना माझ्याकडे बघून हळू आवाजात माफ करा म्हणाले. माझी का माफी मागता, नदीची मागा, असं मी म्हणणार होतो. शब्द तोंडाशी आले आणि तिथेच उभे राहिले.

१८ फेब्रुवारी

अंगठी रुतते आहे. बुटात पाय जात नाहीत. इथलं पाणी बाधलं असावं. दोन दिवस घरी जाऊन येतो म्हणून साहेबांना सांगितलं, ते आनंदाने हो म्हणाले. पिशवी घेऊन अंगण ओलांडलं आणि फाटकाशी थांबलो. थांबलो म्हणजे कुणी अडवलं नाही. दुखलंही नाही. पुढे पाऊल टाकायची इच्छा होती, पाऊल नव्हतं. मागून सगळं अंग येऊन छातीत जमा होत होतं आणि पुढे जायला वाट नव्हती. वाट तर समोर लख्ख दिसत होती. उघड्या फाटकातून एक कुत्रं आत आलं, माझ्याकडे बघून बाहेर गेलं.

बराच वेळ तशीच उभी होते. मग मत्स्यताईंनी हात धरून परत आणलं.

वरचं वाक्य आता वाचलं. खोडत नाही.

१९ फेब्रुवारी

मत्स्यताई खरं बोलल्या. जिन्यात बसून, माझ्याकडे न बघता. ज्याने ज्या नदीसाठी ‘मी’ म्हटलं, त्या नदीचं जे ठरतं ते त्याचं होतं. का, ते त्यांना माहीत नाही. तात्यांचं झालं तेव्हा कळलं. मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात? आणि ठेवला असतात तर पळाला असतात, आणि वीज तर तेवढीच लागणार, मग गाठ थोरलीवर आली असती. मी मोकळी फिरते आहे ती तुम्ही अडलात म्हणून. याला इथे संतुलन म्हणतात, असं म्हणून त्या रडायला लागल्या. मी त्यांच्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमला नाही, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, फक्त जास्त शब्दांत.

नदी पुरती कोरडी पडू नये म्हणून धरणातून थोडं पाणी कायम सोडतात, मासे-शेवाळ जगावं म्हणून. किमान विसर्ग. धाकटीला दहावा हिस्सा. साहेब त्याच्या निम्म्यावर अडून होते, मत्स्यताईंनी भांडून दहावा मिळवला. म्हणजे मी रोज जेवढं बोलत होतो त्याचा दहावा हिस्सा मला सकाळी मिळेल. बाकीचं साठेल. त्या म्हणाल्या, तुम्ही मुळात एवढे बोलके, तेव्हा दहावा हिस्साही बऱ्यापैकी भरेल. आम्ही दोघंही हसलो. कशावर हसलो देव जाणे.

२३ फेब्रुवारी

लिहिणंही त्यातच धरलं आहे. आज ओळी मोजक्या.

काल सकाळी हिचा फोन आला. कशी आहेस, जेवण बरं आहे, असं म्हणण्यात हिस्सा संपला. ती हॅलो हॅलो करत राहिली. तोंडात इतकं होतं की दात दुखत होते. शेवटी साहेबांनी रिसीव्हर घेतला आणि गोड बोलत राहिले. तिचं हसणं मला इथवर ऐकू आलं.

संध्याकाळी दिवे लागले. साहेब येऊन शेजारी बसले, मान कलती करून. आणि मी बोलू लागले. आराखड्याचं पूर्ण एक प्रकरण, घडीव, विरामचिन्हांसह. माझंच शब्दभांडार, माझेच समास. त्यातला एकही शब्द मला म्हणायचा नव्हता. मागणी संपली तसं दार पडलं.

साहेब म्हणाले, फार सुंदर लिहिता तुम्ही.

२७ फेब्रुवारी

विजेची मागणी वाढली आहे. शेंडेफळाचा विचार सुरू. तिच्यासाठी बोलायला माणूस नाही.

साहेब म्हणाले, तुमच्या मिसेसचा आवाज काय विलक्षण आहे!

१ मार्च

ही येते आहे. साहेबांनी बोलावलं, ती लगेच हो म्हणाली. फोनवर मला म्हणाली, अहो, तुम्ही असे मुके का झालात ते मला समोर बसून बघायचं आहे, आणि तोंड चालवायचे पैसे देतात म्हणे तिथे, मग तर माझा हक्कच आहे.

येऊ नकोस म्हणायचं होतं. ‘कशी आहेस’वर खर्च केला होता. मूर्ख.

आता गप्प राहायचं. लिहायचंही नाही. रोजचा हिस्सा साठवायचा. ती आली की एकदम, सगळं —

८ मार्च

आली. संध्याकाळी, दिवे लागताना.

इतके दिवस राखलेलं. मी अंगणात गेलो. तिला बघितलं. केस कापले आहेत तिने. मी तोंड उघडलं.

साहेब बाजूला होते. मान कलती.

मी तिचं स्वागत केलं. ओघवतं, भरगच्च. इथली हवा, इथली माणसं, हे थोर कार्य, तुझ्यावाचून अपुरं आहे. ये, असं म्हणालो. किती तरी वेळ तेच. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, लग्न झाल्यापासून इतकं छान कधी बोलला नव्हतात हो.

ती साहेबांना हो म्हणाली.

न वापरलेला हिस्सा माझा राहत नाही. साठ्यात जातो. साठा त्यांचा. हे मला —

९ मार्च, सकाळ

बोलायला गेलो तर साहेब ऐकतील. म्हणून चिठ्ठी. आजचा बहुतेक हिस्सा तिच्यात.

‘सभेत स्वतःची निंदा कर. जमेल तेवढी. गुण सांगितलेस तर अडकशील. मी अडकलो आहे.’

तिने वाचली. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा थोडक्यात लिहिलंत. मग माझा हात हातात घेतला. दचकली. गारठा. सूज. बराच वेळ सोडला नाही.

१० मार्च

सभा. ती उभी राहिली.

मी शेंडेफळ, म्हणाली. लाडावलेली. उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात पिसाळते. माझा कातळ सगळा भेगांचा, भिंत बांधाल तर खालून गळेन. गाळ म्हणाल तर पोटभर. काठच्या लोकांना उठवून बघा, काठ्या घेऊन येतील. माझ्यासारखी आळशी, लबाड, बेभरवशाची तुम्हाला शोधून सापडणार नाही. असला आवाज! मत्स्यताई तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. साहेबही हसले.

गणितात शेंडेफळ बसली नाही. सुटली. ती सुटली.

पण मागणी तेवढीच.

साहेब नकाशाकडे वळले. थोरलीवरून नजर फिरली. मत्स्यताई हसायच्या थांबल्या. नजर पुढे गेली. धाकटी. भिंत थोडी उंच केली तर भागतं, म्हणाले. आणि तो किमान विसर्ग वायाच जातो —

मत्स्यताई भांडल्या. उठून भांडल्या. मग साहेबांनी विचारलं, तो राखायचा तर तेवढं थोरलीतून घेऊ का?

त्या खाली बसल्या.

१२ मार्च

तिने मला ओढत नेलं. फाटकापर्यंत. दोन्ही हातांनी. चला म्हणाली, चला, मी काय करते बघा. शिव्या दिल्या मला, इमारतीला. मागून ढकललं. तिचे पाय घसरले. मी तिथेच.

ती बाहेर गेली, आत आली. गेली, आली. तिला काही होत नाही. मला दाखवत होती.

मग कळलं तिला.

१३ मार्च

उद्या दरवाजे पूर्ण बंद.

ती राहते म्हणाली. मी मान हलवली. राहिली तर साहेब पुन्हा नदी देतील. नदी नसेल तर शोधतील.

मान किती वेळ हलवली. ती रडली. बॅग भरली.

१४ मार्च

सकाळ. शेवटचा हिस्सा. थोडासा. हा.

ती फाटकाबाहेर उभी आहे. गाडी थांबली आहे. मी आत. हातभर अंतर. वही फाटकावर टेकवून लिहितो, ती उलट्या बाजूने वाचते आहे.

म्हणाली, अहो, काही सांगायचं आहे का.

खूप आहे. इतकं आहे की — भिंतीच्या वरपर्यंत — तू ऐकत राहा. आधी एवढंच, की त्या दिवशी अंगणात मी जे बोललो त्यातलं ‘ये’ सोडून बाकी सगळं, तुझ्यावाचून अपुरं वगैरे, ते त्यांचं नव्हतं, ते माझं —